सदर पीडिता

जिल्हा कोर्टाच्या मागच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली
माझं टेबल. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर,
मे महिन्यात डोक्यावर तोच ओला दुपट्टा.
कुंदाबाई उके, वकील, यांचे सगळे अर्ज
सव्वीस वर्षं मीच टाइप केले.
बाई उभ्यानेच सांगायच्या, हातात पोह्यांची प्लेट.
वाक्य संपेस्तोवर तर्री गार.
मी लिहायचो : सदर पीडिता.
नाव लिहायचं नाही, असा कायदा आहे.
त्यामुळे माझ्या बोटांना कितीतरी पोरी ठाऊक
आणि ओळख एकीचीही नाही.

इतवारीकडच्या त्या गल्लीतून सोडवलेल्या एकीने
भर कोर्टात बाईंकडे बोट करून विचारलं होतं,
"हिले कोनं बलावलं?"
ते रेकॉर्डवर आलं नाही.
बाई त्या दिवशी पोहे न खाताच गेल्या.

एकदा त्यांच्या स्कूटरची सीट कोणी ब्लेडने फाडली,
नेमकी फुलीसारखी.
बाईंनी सीट बदलली, बिल जपून ठेवलं,
म्हणाल्या, कधी ना कधी पुरावा होईल.
अजून झालेला नाही.

त्यांच्या कपाटात वरचे तीन खण
निर्दोष सुटलेल्यांचे, दाबून भरलेले.
शिक्षेचा खण सगळ्यात खाली,
त्यात जागा उरते म्हणून बाई तिथे छत्री ठेवतात.

त्या खणातली एक फाइल मला पाठ आहे.
बालाघाटकडची पोर. कामाला लावतो म्हणून आणलेली,
स्टेशनाबाहेर, संत्रा मार्केटच्या बाजूला
चहा संपायच्या आत तिचा भाव ठरला होता.
तिचं वय मात्र ठरेना.
मेयोत मनगटाचा फोटो काढला,
डॉक्टरांनी लिहिलं, सतरा ते एकोणीस.
समोरचा वकील म्हणाला, एकोणीसच धरा साहेब,
संशयाचा फायदा आमचा.
साक्षीदार फितूर होतात हे मी पाहिलं होतं,
हाडंही होतात, हे त्या दिवशी.

साहेबांनी पोरीला विचारलं, जन्म कधीचा?
ती म्हणाली, ज्या साली मोह फुललाच नाही, त्या साली.
कोर्ट हसलं.
बाईंनी तेवढं वाक्य हातावर लिहून घेतलं.
शनिवारी पहाटे त्या गोंदियाच्या गाडीत बसल्या,
पुढे जीप, पुढे पायी.
शाळेचं रजिस्टर वाळवीने संपवलेलं,
नुसता पुठ्ठा शिल्लक.
अंगणवाडीच्या पेटीत मात्र, डोकं नसलेल्या बाहुलीखाली
वजनाचं कार्ड होतं. तारीख, शिक्का,
चौथा महिना, चार किलो सातशे,
आणि कडेला पेन्सिलने : रोती नहीं है.
भाषांतर जोडावं लागतं.
मी टाइप केलं : रडत नाही.
दोनदा तपासलं. दोन्ही वेळा चूक नव्हती.

कार्डावरून वय निघालं सोळा वर्षं, आठ महिने.
दहा वर्षं शिक्षा झाली.
ती पोर निघताना काही बोलली नाही,
फक्त कार्ड परत मागितलं.
ते निशाणी लागून फाइलमध्ये गेलेलं.
बाईंनी तिला झेरॉक्स दिली.

आठ वर्षांनी हायकोर्टात अपील लागलं,
पोरीला नोटीस गेली आणि परत आली :
सदर पत्त्यावर राहत नाही. शेजारी सांगू शकत नाहीत.
मला वाटलं, आता बाई चिडतील.
त्यांनी प्लेट माझ्या टेबलावर ठेवली, नोटीस पुन्हा वाचली
आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोर्टाच्या आवारात
तोंडावर पदर धरून हसल्या.
"बरं झालं बाप्पा.
आता कोनालेच सापडत नाही पोरगी."

मग म्हणाल्या, घ्या, लिहा.
सदर पीडिता, मी लिहिलं.
"पीडिता खोडा."
खोडलं. मग काय लिहू?
वरून दोन निंबोळ्या कीबोर्डवर पडल्या.
बाई रस्त्याकडे बघत राहिल्या.
सदर, आणि पुढे कर्सर लुकलुकतोय,
आत पुकारा सुरू झालेला,
पोहे तसेच.